लेप्टोचा ताप: एवढासा जंतू, मग शरीरात एवढी आग लागते कशी?

जून संपत आला की पालीच्या आजूबाजूची भातखाचरं पाण्यानं भरून जातात. चिखलणी होते, आवण उपटलं जातं आणि लावणी सुरू होते. दिवसभर कमरेत वाकून, घोटाभर चिखलात उभं राहून काम. संध्याकाळी कंबर आणि पोटऱ्या दुखणार हे ठरलेलंच. त्यामुळे आठ-दहा दिवसांनी कुणाला ताप आला, डोकं ठणकायला लागलं आणि पोटऱ्या हात लावू देईनात, तर घरातलं पहिलं उत्तर असतं, "लावणीचं अंग दुखतंय, दोन दिवस झोप."

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही वेळा तो लेप्टोस्पायरोसिस असतो, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं 'लेप्टो' म्हणतात तो. पोटऱ्यांचं दुखणं हे त्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे, आणि लावणीच्या दिवसांत नेमकं तेच लक्षण कुणाच्या नजरेत भरत नाही.

उंदरांच्या लघवीमुळे होतो, साचलेल्या पाण्यातून होतो, पावसाळ्यात होतो, एवढं आपल्याला माहीत असतं. पण जंतू शरीरात शिरल्यावर पेशींच्या आत काय घडतं, हे सहसा कुणी सांगत नाही. लेप्टोचा जंतू आपलं यकृत किंवा मूत्रपिंड कुरतडून खात नाही. जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं आपलंच शरीर त्याच्याशी लढताना करतं. आणि ही लढाई उशिरा सुरू होते, कारण या जंतूला आपल्या शरीराची एक महत्त्वाची धोक्याची घंटा चुकवता येते.

हा जंतू येतो कुठून?

पाली हे सुधागड तालुक्याचं मुख्य गाव. बल्लाळेश्वरामुळे अष्टविनायकाच्या यात्रेला येणाऱ्यांना ते माहीत असतं. शेजारून अंबा नदी वाहते, मागे सह्याद्री उभा आहे आणि रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. भरपूर पाणी, ओली माती, भाताची शेती, गोठे आणि धान्यावर जगणारे उंदीर-घुशी. लेप्टोला आणखी काही लागत नाही. कोकणातले जिल्हे आणि मुंबईचा परिसर हा महाराष्ट्रातला या आजाराचा नेहमीचा पट्टा आहे तो यामुळेच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती.

उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये हे जंतू वस्ती करून राहतात. उंदीर आजारी पडत नाही, मजेत फिरतो आणि लघवीतून जंतू सोडत राहतो. गाई-म्हशी, डुकरं, कुत्री यांच्याकडूनही तो पसरतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो कित्येक आठवडे टिकतो.

माणसात शिरायला त्याला फार मोठी जखम लागत नाही. पायाला झालेलं खरचटणं, बांधावरच्या काट्यानं ओढलेली रेघ, किंवा पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या पुरतात. डोळ्यांत किंवा तोंडात उडालेल्या पाण्यातूनही तो जातो. त्यामुळे धोका फक्त लावणी करणाऱ्यांना नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला ओढ्यात उतरणारी पोरं, रात्री बॅटरी घेऊन मुठे पकडायला जाणारे, गोठा साफ करणाऱ्या बायका, सगळेच त्याच्या वाटेत येतात.

सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर हा जंतू स्क्रूसारखा पिळदार दिसतो आणि त्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं. १९०७ साली अमेरिकेत स्टिम्सन या डॉक्टरांना पीतज्वरानं मेला असं समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात हे जंतू दिसले. आकार प्रश्नचिन्हासारखा, म्हणून त्यांनी त्याला 'इंटेरोगन्स' म्हणजे प्रश्न विचारणारा असं नाव दिलं. ते नाव आजही चालू आहे.

'जंतूंचं विष' म्हणजे काय?

जंतूंच्या विषाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला, जंतू स्वतः तयार करून बाहेर सोडतो ते विष. याचं गाजलेलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कॉलऱ्याचा जंतू आतड्यात असं विष सोडतो हे कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगानं दाखवलं. कॉलऱ्याचे पाण्यासारखे जुलाब होतात ते या विषामुळे.

दुसरा प्रकार जरा विचित्र आहे. १८९२ च्या सुमारास जर्मनीत रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवरच काम करत होते. त्यांनी जंतू उष्णता देऊन मारले आणि ते मेलेले जंतू गिनी पिगना टोचले. जंतू मेलेले, म्हणजे विष सोडायला कुणी जिवंत नाही. तरी प्राणी मेले. याचा अर्थ विष जंतूच्या अंगातच होतं. फायफर यांनी त्याला 'एंडोटॉक्सिन' म्हटलं, आतलं विष.

हे आतलं विष म्हणजे जंतूच्या बाहेरच्या आवरणाचाच एक भाग निघाला. त्याचं नाव लिपोपॉलिसॅकराइड, थोडक्यात एलपीएस. एका टोकाला चरबीचा तुकडा, जो आवरणात रुतलेला असतो, आणि दुसऱ्या टोकाला बाहेर लोंबणारी साखरेची लांब साखळी. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या अंगावर असे सुमारे १० लाख रेणू असतात.

गंमत अशी की एलपीएस स्वतः पेशीला जाळत नाही, भोक पाडत नाही, तिचं काम थांबवत नाही. मग प्राणी मरतो कशानं? या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

बहिऱ्या उंदरांची गोष्ट

उत्तर सापडलं ते प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांच्या एका जातीमुळे. या जातीचं नाव रुक्ष आहे, सी३एच/एचईजे. इतर उंदीर ज्या मात्रेत मरतात त्याच्या कितीतरी पट एलपीएस टोचलं तरी हे उंदीर ठणठणीत. जणू त्यांना ते ऐकूच येत नाही. अमेरिकेतल्या ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं या उंदरांमध्ये नेमका कोणता जीन बिघडला आहे हे वर्षानुवर्षं शोधलं आणि १९९८ मध्ये तो सापडला. तो जीन टीएलआर-४ नावाच्या रिसेप्टरचा होता.

यातलं 'टोल' हे नाव फळमाशीकडून आलंय. माशीच्या अळ्यांवर काम करताना एक विचित्र अळी पाहून जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांच्या तोंडून "टोल!" असा उद्गार निघाला, म्हणजे आपल्या भाषेत "भारीच!" तेच त्या जीनचं नाव पडलं. पुढे १९९६ मध्ये फ्रान्समधल्या ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं दाखवलं की हाच जीन माशीला बुरशीपासून वाचवतो. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वर्षीचे तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन होते.

टीएलआर-४ ही आपल्या पेशींच्या दारावरची घंटा आहे. रक्तातल्या आणि अवयवांतल्या पहारेकरी पेशींवर, म्हणजे मॅक्रोफेजवर, ती बसवलेली असते. जंतूच्या एलपीएसचा चरबीचा तुकडा तिच्या खाचेत बसला की घंटा वाजते. पेशीच्या आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात, अर्ध्या तासाच्या आतबाहेर निरोप पेशीच्या केंद्रकात पोचतो आणि एनएफ-कप्पा-बी हा 'स्विच' चालू होतो. मग ती पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं ओतायला लागते. ही म्हणजे इतर पेशींना मारलेली हाक.

हाक ऐकून काय होतं? मेंदूतलं तापमान ठरवणारं केंद्र आकडा वर नेतं, म्हणजे ताप येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, म्हणजे पांढऱ्या पेशींना बाहेर पडून जंतूपर्यंत जाता येतं. रक्त जास्त येतं म्हणून जागा लाल आणि गरम होते, पाणी झिरपतं म्हणून सूज येते आणि नसा चाळवतात म्हणून दुखतं. या सगळ्याला मिळून 'दाह' म्हणतात. बोटाला काटा रुतून पिकतं तेव्हा हेच घडतं, फक्त नखाएवढ्या जागेत. हेच सगळ्या अंगभर एकाच वेळी झालं की रक्तवाहिन्या सगळीकडे गळायला लागतात, रक्तदाब कोसळतो आणि अवयवांना रक्त पुरत नाही. फायफर यांचे गिनी पिग मेले ते असे.

तर मग घंटा नसणं चांगलं, असं वाटेल. पण त्याच बहिऱ्या उंदरांना शास्त्रज्ञांनी पुढे जिवंत लेप्टोचे जंतू टोचले. साधे उंदीर लेप्टोला सहज पचवतात. हे बहिरे उंदीर मात्र, विशेषतः लहान वयाचे, लेप्टोनं मेले. घंटा वाजली नाही, पहारेकरी उठले नाहीत आणि जंतू रक्तात बेसुमार वाढले.

माणसाला न ऐकू येणारा आवाज

लेप्टोच्या जंतूच्या अंगावरही एलपीएस असतं, पण त्याच्या चरबीच्या तुकड्याची घडण ई. कोलायपेक्षा वेगळी आहे. त्यावरचा फॉस्फेटचा एक भाग बदललेला आहे. बदल छोटासा, परिणाम मोठा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांसह एका गटानं २००१ मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशींवरच्या टीएलआर-४ ला हे एलपीएस ओळखताच येत नाही. पुढच्या प्रयोगांत दिसलं की छोट्या उंदरांच्या टीएलआर-४ ला ते ओळखता येतं.

म्हणजे लेप्टोच्या बाबतीत माणूस बऱ्याच अंशी त्या बहिऱ्या उंदरासारखा आहे. पूर्ण बहिरा नव्हे. आपल्याकडे टीएलआर-२ नावाची दुसरी घंटा आहे आणि लेप्टोच्या अंगावरची काही प्रथिनं ती वाजवतात. पण सगळ्यात तिखट आवाजाची घंटा गप्प राहते. चिखलातून जंतू शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण ५ ते १४ दिवस, कधी महिनाही लागतो. तेवढ्या काळात तो रक्तातून यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं, स्नायू असा सगळीकडे पोचलेला असतो. दाह सुरू होतो तेव्हा शत्रू एका जागी नसतो, घरभर असतो.

बहुतेकांना याचा सौम्य तापच येतो आणि काही दिवसांत उतरतोही. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये आजार गंभीर होतो. कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं आणि रक्तस्राव ही ती तीन लक्षणं. जर्मन डॉक्टर अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये या स्वरूपाचं वर्णन केलं, म्हणून त्याला वाइल्स डिसीज म्हणतात.

कावीळ आणि पोटॅशियमचं कोडं

लेप्टोची कावीळ नेहमीच्या काविळीसारखी नसते. हिपॅटायटिसमध्ये यकृताच्या पेशी मरतात, त्यामुळे रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स प्रचंड वाढलेली दिसतात. लेप्टोमध्ये डोळे हळदीसारखे पिवळे होतात, बिलिरुबिन खूप वाढतं, पण एन्झाइम्स त्या मानानं थोडीच वाढतात. हॅम्स्टरवरच्या प्रयोगांत याचं एक कारण दिसलं. जंतू यकृताच्या दोन पेशींच्या मधल्या फटीत घुसतात आणि त्यांना एकमेकींशी जोडणारी शिवण उसवतात. पित्त त्या फटीतून गळून रक्तात येतं. पेशी बऱ्याचशा जिवंत असतात, म्हणून रुग्ण वाचला तर यकृत सहसा पूर्ण सावरतं.

मूत्रपिंडातलं कोडं याहून रंजक आहे. मूत्रपिंड बंद पडलं की रक्तात पोटॅशियम साठतं, हा सर्वसाधारण नियम. लेप्टोमध्ये अनेकदा उलट दिसतं. मूत्रपिंड बिघडलेलं, तरी लघवी होत असते आणि पोटॅशियम कमी. यामागे जंतूच्या आवरणातला चरबी, साखर आणि प्रथिन यांचा मिळून बनलेला एक घटक असल्याचं प्रयोगांतून दिसलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. शेतातल्या मोटारीसारखा तो सतत चालू लागतो. लेप्टोचा हा घटक तो पंप अडवतो. मूत्रपिंडातल्या नळ्यांना मग क्षार परत खेचून घेता येत नाहीत आणि ते लघवीतून निघून जातात.

आणि हाच पंप दाहाशीही जोडलेला आहे. पेशीतल्या पोटॅशियमचा तोल ढळला की आत 'इन्फ्लेमासोम' नावाची एक यंत्रणा जुळते. ती इंटरल्यूकिन-१ ला अंतिम धार लावून कामाला पाठवते. उंदरांच्या मॅक्रोफेजवर केलेल्या एका अभ्यासात २०१२ मध्ये दिसलं की लेप्टोचा तो घटक पंप मंदावतो आणि त्यातूनच ही यंत्रणा सुरू होते. त्याच वेळी लेप्टोच्या आवरणावरचं सर्वाधिक आढळणारं प्रथिन, लिपएल३२, मूत्रपिंडाच्या पेशींवरची टीएलआर-२ ही घंटा वाजवत असतं. नळ्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी होते, सूज येते आणि गाळण्याचं काम बिघडत जातं.

यात 'बाहेर सोडायचं विष' अगदीच नाही असंही नाही. लेप्टोच्या काही प्रथिनांना लाल पेशींचं आवरण विरघळवता येतं. पण कॉलऱ्यासारखं एकच विष आणि एकच परिणाम, असा साधा हिशेब इथे लागत नाही. सगळ्यात भीतीदायक प्रकार फुप्फुसांत होतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, रुग्णाला खोकल्यातून रक्त येतं आणि अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ५० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी लेप्टोचे सुमारे १० लाख ३० हजार रुग्ण आणि ५८ हजार ९०० मृत्यू होतात.

औषध दिलं आणि ताप वाढला, असं का?

लेप्टोवर पेनिसिलिन, डॉक्सीसायक्लिन, सेफ्ट्रियाक्झोन अशी साधी, जुनी अँटिबायोटिक्स चालतात. पण काही रुग्णांमध्ये पहिला डोस दिल्यावर काही तासांतच थंडी वाजून ताप उसळतो, रक्तदाब घसरतो. नातेवाईक घाबरतात, "इंजेक्शन बाधलं" म्हणतात आणि कधी कधी रुग्णाला हलवायच्या गोष्टी सुरू होतात.

फायफर यांचे मेलेले जंतू आठवा. अँटिबायोटिकनं एकाच वेळी असंख्य जंतू फुटतात, त्यांचे तुकडे रक्तात सुटतात आणि घंटा एकदम वाजायला लागतात. सिफिलिसच्या उपचारात हे आधी दिसलं होतं आणि दोन डॉक्टरांच्या नावांवरून याला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. ती बहुतेकदा दिवसभरात शमते. औषधाची ॲलर्जी वेगळी, हे वेगळं, आणि हे ओळखायला रुग्ण डॉक्टरांच्या नजरेसमोर असावा लागतो. औषध मध्येच बंद करणं धोक्याचं.

मग लावणीच्या दिवसांत काय करायचं?

हाताशी असलेला वेळ थोडा आहे, तापाचे पहिले काही दिवस. जंतू रक्तात आहेत पण दाह अवयवांपर्यंत पूर्ण भडकलेला नाही, तेव्हा अँटिबायोटिक सगळ्यात उपयोगी पडतं. अडचण अशी की नेमक्या याच दिवसांत नेहमीची रक्ततपासणी फसवते. ती शरीरानं लेप्टोविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती दिसायला साधारण आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी "निगेटिव्ह" आलं म्हणजे लेप्टो नाही, असं होत नाही. पहिल्या आठवड्यात पीसीआर चाचणी उपयोगी पडते, पण ती प्रत्येक गावात कुठली व्हायला? म्हणून पावसाळ्यात डॉक्टर अनेकदा रिपोर्टची वाट न पाहता, लक्षणं आणि माहिती यावर उपचार सुरू करतात. ती माहिती रुग्णानं द्यायची असते. "चिखलात काम केलंय", "ओढ्यात उतरलो होतो" हे एक वाक्य दवाखान्यात न विचारता सांगावं. डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, पोटऱ्या दाबल्या तर सहन होत नाही, हेही.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि इथे मूत्रपिंडच पणाला लागलेलं असतं. कावीळ दिसली की माळ घालायला किंवा झाडपाल्याचं औषध घ्यायला नेण्याची पद्धत कोकणात अजून आहे. तापासोबत कावीळ आणि लघवी कमी, असं असेल तर त्यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. अशा वेळी रुग्णाला डायलिसिस किंवा अतिदक्षता विभाग लागू शकतो, म्हणजे अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा त्याहून लांबचा प्रवास.

पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर त्या झाकून, जमल्यास गमबूट घालून खाचरात उतरावं. आता लावणी गमबुटात करून पाहा म्हणावं, चिखल बूट ओढून घेतो. त्यामुळे काम संपल्यावर स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं पाय धुणं हे निदान रोज जमण्यासारखं आहे. साचलेल्या पाण्याशी संपर्क आला असेल तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांचा सल्ला घेऊन डॉक्सीसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा घेता येते. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र डॉक्टर वेगळं औषध निवडतात.

लस का नाही, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. कुत्र्यांना आणि गुरांना लेप्टोची लस देतात. माणसांसाठी क्युबा, चीन, फ्रान्स अशा मोजक्या देशांत लशी वापरल्या गेल्या, भारतात अशी लस वापरात नाही. अडचण पुन्हा त्या एलपीएसचीच आहे. त्याच्या बाहेर लोंबणाऱ्या साखरेच्या साखळीत इतके फरक आहेत की लेप्टोचे ३०० च्या आसपास प्रकार मोजले जातात. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यावर फारशी चालत नाहीत. त्यामुळे एकदा लेप्टो होऊन गेलेल्या माणसाला पुढच्या लावणीला तो पुन्हा होऊ शकतो.